इनामगाव का उठले : दख्खनची माणसे आणि दख्खनचे हवामान

दख्खनच्या पठाराविषयी दोन समजुती आपल्याकडे चांगल्याच रुजलेल्या आहेत. पहिली अशी, की हे पठार एके काळी घनदाट अरण्याने झाकलेले होते आणि माणसाने कुऱ्हाड चालवून त्याचे उघडेबोडके माळ करून टाकले. दुसरी अशी, की इथल्या प्राचीन वसाहती पाऊस आटल्यामुळे ओस पडल्या. पहिल्या गोष्टीत सगळा दोष माणसाचा आहे आणि दुसरीत सगळा आभाळाचा. गेल्या काही दशकांत तलावांचा गाळ, समुद्रतळाचा चिखल, गुहांमधले चुन्याचे खांब आणि उत्खननांत सापडलेले जळके धान्य यांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा या दोन्ही गोष्टी अपुऱ्या असल्याचे दिसून आले. माणसाच्या प्रत्येक पिढीला जी जमीन मिळाली ती काही अंशी हवामानाने घडवलेली होती आणि काही अंशी आधीच्या पिढ्यांनी, आणि या दोन अंशांची फोड करणे हेच या विषयातले खरे अवघड काम आहे.

आधी भूगोल लक्षात घ्यायला हवा. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला थडकतात, तेव्हा महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेकडे आले की तो जेमतेम पाचशेवर येतो. पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर जिल्ह्यांचा मोठा भाग या पर्जन्यछायेत आहे. इतक्या कमी पावसात शंभर मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तरी पीक येणे आणि न येणे यांतला फरक पडतो. म्हणूनच हवामानातले जे चढउतार कोकणात कोणाच्या लक्षातही येणार नाहीत, ते घोड, भीमा आणि प्रवरा यांच्या खोऱ्यांत गावाच्या मुळावर येऊ शकतात.

जुना पाऊस मोजायचा कसा, हा पहिला प्रश्न. त्याचे एक उत्तर बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरात आहे. उल्कापाताने झालेल्या विवरातल्या या सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही, त्यामुळे त्यात किती पाणी आहे हे पाऊस किती पडला आणि किती पाण्याची वाफ झाली यांवरच ठरते. पाऊस कमी झाला की पाणी आटते, क्षार दाट होतात आणि तळाच्या चिखलात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक तयार होतात. सरोवराच्या तळातून काढलेल्या सुमारे दहा मीटर लांबीच्या गाळाच्या नमुन्यात असे स्फटिक ठराविक थरांतच सापडले. त्यांवरून आणि इतर रासायनिक खुणांवरून संशोधकांनी दोन दीर्घ कोरडे कालखंड निश्चित केले : एक आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. पहिल्या कालखंडात जगाच्या इतर भागांतही पाऊसमान बिघडले होते. मेघालयातील मावम्लुह गुहेच्या खांबात त्याची खूण इतकी स्पष्ट आहे, की ४,२०० वर्षांपूर्वीपासूनच्या भूवैज्ञानिक कालखंडाला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हेच नाव देण्यात आले.

दुसरे उत्तर समुद्रात आहे. गोदावरी आपल्या खोऱ्यातील माती हजारो वर्षे बंगालच्या उपसागरात नेऊन टाकते आहे आणि ती मुखासमोरच्या तळावर थरांवर थर अशी साचत गेली आहे. पानांवरचे मेण या मातीबरोबर वाहत जाते आणि फार काळ टिकते. झाडे, गहू, जव आणि भात ज्या पद्धतीने हवेतला कार्बन घेतात, त्याहून निराळ्या पद्धतीने उष्ण प्रदेशातली गवते, ज्वारी आणि ऊस तो घेतात, आणि त्या फरकाची नोंद या मेणातल्या कार्बनच्या समस्थानिकांत, म्हणजे कार्बनच्याच कमी-अधिक वजनाच्या अणूंच्या प्रमाणात, राहते. अशा थरांवरून असे दिसले, की सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्या हवेत तग धरणाऱ्या वनस्पती हळूहळू वाढत गेल्या आणि सुमारे १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचे वर्चस्व पक्के झाले.

इथे वाचकाने थोडे थांबावे, कारण या निष्कर्षाचा सर्वांत सहज होणारा गैरसमज इथेच होतो. गवत वाढले याचा अर्थ पाऊस कमी झाला असा होऊ शकतो. माणसांनी झाडे तोडली, रान पेटवले, गुरे चारली, असाही होऊ शकतो. मेणातला कार्बन कारण सांगत नाही, फक्त परिणाम सांगतो. म्हणून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी त्याच चिखलाला आणखी एक प्रश्न विचारला : ही माती आली कुठून आणि किती वेगाने आली? पठाराचा काळा बेसाल्ट आणि खोऱ्याच्या पूर्व भागातले जुने खडक यांची रासायनिक ओळख वेगवेगळी असते, त्यामुळे मातीचे माहेर शोधता येते. उत्तर अनपेक्षित निघाले. मोसमी पाऊस मंदावला त्या काळात जमिनीची धूप कमी व्हायच्या ऐवजी वाढली होती, आणि पुढे शेतीचा प्रसार झाला तेव्हा ती आणखी वाढली.

पाऊस कमी आणि धूप जास्त, हे उलटे वाटते खरे. पण शाकारणी न केलेल्या घरात पाऊस कमी झाला म्हणून गळती थांबत नाही. कोरड्या वर्षांत गवत आणि झाडोरा विरळ होतो, जमीन उघडी पडते, आणि मग मृगाचा किंवा परतीचा एखादाच जोराचा पाऊस सुटी झालेली माती ओढ्यात नेऊन घालतो. नांगरलेल्या रानात हे अधिकच वेगाने होते. शिवाय अशी गेलेली माती परत येत नाही. पुढे पाऊसमान सुधारले तरी डोंगरउतारावरचा हातभर थर गेलेला असतो आणि तिथे शेती करणाऱ्या माणसाच्या वाट्याला मुरमाड, लवकर सुकणारी जमीन येते. त्याच्या आजोबांना जाचला त्यापेक्षा दुष्काळ त्याला अधिक जाचतो. पावसाचा आकडा तोच राहूनही दुष्काळ वाढू शकतो, ही गोष्ट हवामानाच्या चर्चेत फार वेळा निसटते.

आता गावाकडे वळू. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली झालेले हे काम भारतीय पुरातत्त्वशास्त्रात आदर्श मानले जाते, कारण एका प्राचीन खेड्याचे दैनंदिन जगणे इतक्या तपशिलाने क्वचितच उघडकीला आले आहे. इथे इ.स.पू. १६०० च्या सुमारास वस्ती झाली आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास ती संपली. संशोधक तिचे तीन भाग करतात : माळवा काळ, पूर्व जोर्वे काळ (सुमारे इ.स.पू. १४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे काळ (सुमारे इ.स.पू. १००० ते ७००). जोर्वे हे नाव संगमनेरजवळच्या त्याच नावाच्या गावावरून आले. तिथे या संस्कृतीची तोटीची, लाल रंगावर काळी नक्षी असलेली भांडी पहिल्यांदा ओळखली गेली.

पूर्व जोर्वे काळातले इनामगाव हे भरल्या घरांचे गाव होते. कुडाच्या भिंतींची चौकोनी घरे ओळीने मांडलेली होती, त्यांच्या आत-बाहेर धान्य साठवण्याची सोय होती. जमिनीत खणून चुन्याने लिंपलेली पेवे होती आणि कणग्या ठेवण्यासाठी मातीचे गोल ओटे होते; मराठवाड्यात किंवा खानदेशात जुनी घरे पाहिलेल्या माणसाला यातले काहीच परके वाटणार नाही. गावात एक पाच खोल्यांचे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार होते, ते गावप्रमुखाचे असावे आणि धान्य तिथे गोळा होऊन वाटले जात असावे, असा ढवळीकरांचा तर्क. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी खणलेला चर आणि त्याच्या बाजूने दगडमातीचा बांध सापडला, त्याचा उपयोग सिंचनासाठी होत असावा असा उत्खनकांचा निष्कर्ष आहे. मुख्य पीक होते जव. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, हुलगा आणि थोडा तांदूळही होता. हे कळते कसे, तर चुलीत सांडून अर्धवट जळालेले दाणे कोळसा होऊन राहतात, कुजत नाहीत. खणलेली माती पाण्यात ढवळली की ते वर तरंगतात आणि चाळणीने वेचून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. ज्वारी-बाजरी, ज्यांच्याशिवाय आज या भागाची कल्पना करता येत नाही, ती मूळची आफ्रिकेची पिके. त्या काळच्या इनामगावकराची भाकरी बहुधा जवाची होती.

इ.स.पू. १००० नंतर चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, भांडी ओबडधोबड होतात, गुरांच्या हाडांच्या तुलनेत शेळ्यामेंढ्यांची आणि हरणांसारख्या शिकारीच्या प्राण्यांची हाडे वाढतात. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला, की पाऊस घटल्यामुळे शेती परवडेनाशी झाली, लोक गरीब झाले आणि अखेरीस मेंढपाळीकडे वळून फिरस्ते झाले. प्रवरेकाठचे दायमाबाद, गोदावरीच्या खोऱ्यातली इतर जोर्वे गावे त्याआधीच ओस पडली होती. भीमेच्या खोऱ्यात मात्र इनामगाव आणखी तीनशे वर्षे टिकले. हा अर्थ सुसंगत आहे, आणि ज्या काळात तो मांडला गेला तेव्हा पुराव्यांना हवामानाशी जोडून पाहणे हीच मोठी झेप होती.

त्यावर आक्षेप आले ते नंतर. गोल झोपडी म्हणजे गरिबी हे समीकरण टिकत नाही, कारण माळवा काळातही इनामगावात जमिनीत खणलेली गोलसर घरे होती. त्याहून महत्त्वाचा प्रश्न कालगणनेचा आहे. लोणारच्या गाळात जो पहिला दीर्घ कोरडा काळ दिसतो, तो इनामगाव वसण्याच्या आधीच संपलेला आहे, आणि दुसरा सुरू होतो तोपर्यंत गाव उठून सहाशे-सातशे वर्षे झालेली असतात. म्हणजे ज्या काळात गाव खचले त्या काळात लोणारला तरी मोठा दुष्काळ दिसत नाही. अर्थात लोणार विदर्भाच्या सीमेवर आहे आणि घोड नदीचे खोरे सह्याद्रीच्या सावलीत, त्यामुळे एका ठिकाणचा पाऊस दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लावता येत नाही. पण ‘पाऊस आटला, गाव उठले’ हे वाक्य त्यानंतर पूर्वीइतक्या खात्रीने लिहिता येत नाही, हे मान्य करावे लागते.

हाडांचा पुरावा या वादात विशेष मोलाचा ठरला आहे. इनामगावचे लोक आपले मृत घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडून त्यांना आडवे ठेवत, तर लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत. या प्रथेमुळे मुलांची कोवळी हाडेही टिकून राहिली, जी एरवी सहसा मिळत नाहीत. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी दात व हाडांचा पायाभूत अभ्यास केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद येथील मुलांची वाढ तपासली. दातांवरून मुलाचे वय ठरते आणि हाडांच्या लांबी-जाडीवरून त्या वयाला त्याची वाढ किती झाली होती हे कळते. उत्तर जोर्वे काळातली मुले वाढीत मागे पडलेली दिसतात. अचानक आलेल्या कोरडेपणाला मात्र हवामानाच्या नोंदींचा पुरेसा आधार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्या संकटाचे मूळ माणसाने जमिनीवर टाकलेल्या भारातही शोधायला हवे असा त्यांचा रोख आहे.

माझ्या मते या दोन मतांत दिसते तितके वैर नाही. चार-पाच शतके त्याच रानात पेरणी होत राहिली, इंधनासाठी काठावरची झाडी तुटत राहिली आणि गुरे त्याच माळावर चरत राहिली, तर आधी पचून जाणारी वाईट वर्षे पुढे पचेनाशी होतात. गोदावरीच्या मुखासमोरचा चिखल नेमके हेच सुचवतो, की धूप पाऊस मंदावल्यामुळे वाढू लागली आणि नांगरामुळे आणखी वाढली. शेळ्यामेंढ्यांकडे वळणे हीसुद्धा केवळ हार नव्हती. मेंढी फिरते, तिला पाऊस जिथे पडला तिथे नेता येते, शेत नेता येत नाही. आजही धनगरांचे कळप पावसाळ्यात पठाराच्या कोरड्या भागात आणि नंतर कोकणाकडे किंवा काळ्या रानांकडे सरकतात, आणि शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरे बसवून त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. ज्या जमिनीवर नांगर परवडत नाही तिच्यावर जगण्याची ही पद्धत तेव्हा आकार घेत असेल, तर तिला ऱ्हास म्हणायचे की जुळवून घेणे, हे पाहणाऱ्यावर अवलंबून आहे.

सातवाहन काळ तर हवामानाने संस्कृती ठरते या मताची पंचाईतच करतो. लोणारचा दुसरा कोरडा कालखंड सुमारे २,००० वर्षांपूर्वी सुरू होतो, आणि पैठण, तेर, जुन्नर ही गावे त्याच सुमाराला भरभराटीला आलेली असतात. फरक पडला तो माणसाच्या हातातल्या साधनांत. इनामगावाजवळच्या वाळकी येथे हाडाचा फाळ सापडला आहे. सातवाहनांच्या काळापर्यंत लोखंड सर्रास वापरात आले होते. घाटमाथ्यावरून बंदरांकडे माल जात होता, त्यामुळे एका खोऱ्यातले पीक बुडाले तरी सगळा व्यवहार बुडत नव्हता. पाणी साठवण्याची कलाही खडकात कोरली गेली. नाणेघाटात आणि जुन्नरच्या लेण्यांत आजही पोढी, म्हणजे खडकात खोदलेली पाण्याची टाकी, दिसतात. अशी पोढी दान दिल्याचे उल्लेख त्या काळच्या शिलालेखांत आहेत. मुंबईजवळच्या कान्हेरीला तर कातळावरून वाहणारे पावसाचे पाणी पन्हळींनी टाक्यांत उतरवलेले आहे.

आता पहिल्या समजुतीकडे, म्हणजे हरवलेल्या अरण्याकडे येऊ. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि विदर्भात अरण्य होते यात वाद नाही. पर्जन्यछायेतला प्रदेश मात्र फार जुन्या काळापासून विरळ झाडांचे माळरान असावा असे पुरावे वाढत आहेत. उपखंडाच्या उत्तरेला शिवालिकच्या थरांत उष्ण प्रदेशातल्या गवतांचा प्रसार सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी झालेला दिसतो, म्हणजे कुऱ्हाडच काय, माणूसही नव्हता तेव्हा. २०२५ मध्ये काही संशोधकांनी एक निराळाच मार्ग काढला. तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यात, ओव्यांत आणि लोककथांत पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्या रानझाडांचे उल्लेख आहेत, ते त्यांनी गोळा केले. अशा ४४ प्रजातींपैकी सुमारे दोन-तृतीयांश माळरानाच्या निघाल्या. संतचरित्रांत आणि लोकगीतांत सहज येऊन जाणारी बोर, हिवर, खैर आणि तरटी यांसारखी काटेरी झाडे, ज्यांकडे आपण शोभेची सजावट म्हणून पाहत आलो, ती तिथल्या निसर्गाची साक्ष देत होती.

याचा अर्थ माणसाने माळाला हात लावला नाही असा नाही. वणवा आणि चराई यांनी माळ उघडा राहायला मदतच होते. मात्र या प्रदेशाला नासलेले जंगल समजून त्यावर इलाज करू गेले की नुकसान होते. ब्रिटिश महसुलात लागवडीला न आलेला माळ पडीक ठरला, आणि पडीक म्हटले की त्यावर काहीतरी लावलेच पाहिजे ही वृत्ती स्वातंत्र्यानंतरही टिकली. गिरिपुष्प आणि सुबाभूळ यांच्या लागवडीने काळवीट, लांडगा, तणमोर यांची जागा आखडली. सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, पण आसपासचे गवताळ माळ शेतीत आणि लागवडीत गेले ते गेलेच.

माणसे निघून गेली की जमिनीचे काय होते, याचे एक उदाहरण मध्ययुगातले आहे. १३९६ च्या सुमारास सुरू झालेला आणि परंपरेने बारा वर्षांचा मानला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ लोकस्मृतीत भीषण म्हणून राहिला. बस्तरच्या दंडक गुहेतील चुन्याच्या खांबात इ.स. ६०० ते १५०० या काळातल्या पावसाची नोंद सापडली आहे, आणि चौदाव्या-पंधराव्या शतकांत मोसमी पाऊस क्षीण असल्याचे तीही दाखवते. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने नोंदवलेल्या हकिकतीनुसार, या दुष्काळानंतर देश पुन्हा वसवण्यासाठी बहमनी अधिकारी पाठवले गेले, तेव्हा जुन्या सीमा कोणाला आठवत नव्हत्या, दोन-तीन गावांचे एक गाव करावे लागले, आणि लोकांनी यावे म्हणून पहिल्या वर्षी सारा माफ करून दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे फक्त तोबराभर धान्य घेण्यात आले. घोड्याच्या तोंडाला बांधायच्या पिशवीने सारा मोजला जात होता, यावरून कसणाऱ्या हातांची टंचाई किती होती ते समजते. आजच्या कित्येक गावांच्या शिवारांचा आकार अशाच एखाद्या उजाड होण्यातून आणि पुन्हा वसण्यातून आला असणे शक्य आहे.

पुढच्या शतकांत पाणी वळवण्याचे तंत्र गावपातळीवर पक्के झाले. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर दगडी बंधारे घालून चालवलेली फड पद्धत ही त्यातली सर्वांत विचारी. लाभक्षेत्राचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, दरवर्षी पिकांची पाळी बदलायची आणि पाटकऱ्याने ठरल्याप्रमाणे पाणी सोडायचे. त्यात जमिनीलाही विसावा मिळत असे.

घोड नदीवर चिंचणी येथे आता मोठे धरण आहे, आणि शिरूर-श्रीगोंद्याच्या ज्या पट्ट्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे उसाचे मळे उभे आहेत. ऊस आपल्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण तयार करतो, जे पान कुजले तरी मातीत हजारो वर्षे टिकतात. तीन हजार वर्षांनंतर कोणी इथला थर खणला, तर त्याला मातीत या कणांची गर्दी दिसेल, आणि बांधाची भिंत किंवा कालव्याची चारी त्याच्या हाती लागली नाही, तर एकविसाव्या शतकात घोड नदीच्या खोऱ्यात भरपूर पाऊस पडत होता, असा निष्कर्ष तो अगदी प्रामाणिकपणे काढेल.